थंडीत गावाबाहेर सायकल: मजा टिकवायची कशी?

नवा_पेडल

नमस्कार मंडळी. उन्हाळा संपता संपता सायकल घेतली. शर्यत, विक्रम असलं काही डोक्यात नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी वस्तीबाहेर पडायचं, शेतांमधले छोटे रस्ते धरायचे, दोन-तीन तास भटकायचं आणि घरी यायचं, एवढंच. आणि ते मला मनापासून आवडायला लागलंय.

आता थंडी पडली आणि सगळं अडलं. निघताना इतकं गार वाटतं की दोन स्वेटर चढवतो. अर्ध्या तासात आतून भिजतो, आणि जरा थांबलं की हुडहुडी भरते. बोटं तर अशी बधिर होतात की ब्रेक नीट दाबला गेला की नाही तेच कळत नाही. त्यात वेगही उतरलाय. रस्ता तोच, सायकल तीच, दम तेवढाच, तरी परतायला जास्त वेळ लागतो. तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे हे मला उमगत नाहीये.

सोबतचे सगळे म्हणतात, आता थंडी सरल्यावर भेटू. मला तसं करायचं नाही. हिवाळाभर निव्वळ आनंदासाठी सायकल चालवणारे इथे बरेच आहेत. तुम्ही नेमकं काय करता? आणि खरं सांगा, मजा येते का, की नेटाने रेटायचं असतं?

निवांत

सूर्य उगवायच्या आधी निघत असाल तर ते आधी बंद करा. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्या आसपास किंवा त्यानंतर थोड्याच वेळात असतं. उन्हाळ्यात पहाटे निघण्यात शहाणपण आहे, थंडीत नाही. तास-दीड तास उशिरा निघा, निम्मा त्रास तिथेच संपेल.

हातमोजे पाच बोटांचे न घेता बोटं जोडीजोडीने एकत्र ठेवणारे मिळतात, ते बघा. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि ब्रेकही दाबता येतो.

आडवाट

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. मजा येते. मला तर सायकलीचा खरा मोसम हाच वाटतो. पण उन्हाळ्यातली सफर जशीच्या तशी थंडीत करायला गेलात तर ती रेटावीच लागते. थंडीत अंतर सोडा, वेग सोडा, फक्त वेळ ठरवा. आज दोन तास बाहेर, बस्स. त्यात कुठवर पोचलो ते महत्त्वाचं नाही. मी हिवाळ्यात हँडलवरचं मीटर काढूनच ठेवते.

वेग उतरलाय त्यात तुमचं काही चुकत नाही. थंड हवा जड असते. ३० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१६ किलो भरतं, शून्य अंशाला १.२९ किलो. म्हणजे उन्हाळ्याच्या मानाने ऐन थंडीत १०-११ टक्के जास्त दाट हवा कापत जायची. सपाट रस्त्यावर बरीचशी ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे हा फरक पायाला जाणवतो. शिवाय रबर गार पडलं की कडक होतं आणि टायर जड फिरतो. अंगावर फुगलेले कपडे वारा धरतात ते वेगळंच. हे सगळं ओढत जुना वेग गाठायला गेलात तर घाम फुटणार, आणि थंडीत घाम परवडत नाही.

कपडे. निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे. दारात उभं असतानाच ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय, काढून ठेवा. अंगाला लागून सुती बनियन नको. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. तिथे पातळ लोकरीचं किंवा घाम बाहेर टाकणारं सिंथेटिक घाला. लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. त्यावर एक मधला थर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. जाड नको, वारा अडवणारं हवं. ५ अंश तापमानात ताशी २० किमीने निघालात की वारा पडलेला असला तरी उघड्या त्वचेला साधारण १ अंशाइतकी थंडी लागते, कारण वारा तुम्ही स्वतःच तयार करता. म्हणून पुढून वारा अडवणारं आणि पाठीकडून जाळीदार असं जॅकेट मिळालं तर सोडू नका.

जॅकेटची चेन चढाच्या आधी उघडायची आणि उताराच्या आधी गळ्यापर्यंत लावायची. घाम आल्यावर उघडून उपयोग नाही, अंग गारठल्यावर लावूनही नाही. टूर द फ्रान्समधले सायकलपटू घाटमाथ्यावर वर्तमानपत्र घेऊन जर्सीत छातीशी कोंबायचे आणि मग उतार घ्यायचे. कागद वारा अडवतो, आत हवेचा थर राहतो, आणि खाली पोचल्यावर घडी करून खिशात टाकता येतो. अजूनही याहून हलकी सोय मला सापडलेली नाही. माझ्या पाठीच्या खिशात एक जुना अंक कायम असतो.

बोटांचं दुखणं फक्त हातमोज्यांनी जात नाही. धड आणि मान गार पडली की शरीर रक्त आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं आणि हातापायांच्या बोटांकडच्या वाहिन्या आकसतात. म्हणून आधी मान झाका, आणि हातमोजा नि बाही यांच्यामध्ये मनगट उघडं राहत असेल तर तेही. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. पायांच्या बाबतीत उलटं होतं. लोक दोन-दोन मोजे घालून बूट गच्च करतात, रक्ताला वाट राहत नाही आणि पाय आणखी गारठतात. एकच लोकरीचा मोजा घाला, बुटात बोटं हलली पाहिजेत. आणि गुडघे झाका. ते सतत वाऱ्यात असतात आणि त्यांच्यावर मांस नसतं.

वाऱ्याची दिशा बघून निघा. जाताना वारा समोरून घ्यायचा, येताना पाठीवर. ताजं, कोरडं अंग समोरचा वारा सोसतं. दमलेलं, दमट अंग नाही सोसत.

आता मजेचं. आकाश निरभ्र आहे आणि वारा पडलाय अशा रात्रीनंतरची सकाळ निवडा. अशा रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. तिला लागलेली हवा गार नि जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत येऊन खोलगट जागी साचते. मोटारीत बसून हे कधीच कळणार नाही, सायकलवर अंगाला कळतं. ओढ्याकडे उतरताना एका ठरावीक वळणावर आधी घोटे गार पडतात, मग गुडघे, मग छाती, आणि पुलाशी पोचेपर्यंत चेहरा. पुलावर धुकं असतं. पापण्यांवर बारीक थेंब जमतात. ब्रेकच्या तारेखाली थेंबांची रांग लटकलेली असते, आणि पुढचं चाक पुलाच्या सांध्यावरून गेलं की सगळे एकदम गळतात. पलीकडचा चढ चढायला लागलं की थोड्याच अंतरात हवा बदलते. इतकी की जॅकेट उघडावं लागतं. वर येऊन मागे बघितलं तर आपण ज्यातून आलो ती पांढरी पट्टी ओढ्याच्या वळणावळणाने पसरलेली दिसते. ओढा जिथे आत वळतो तिथे तीही वळते.

अशा सकाळी आवाजही लांबून येतात, आणि तो भास नसतो. खाली गार हवा आणि वर उबदार असली की आवाज वर निसटून न जाता जमिनीकडे वळतो. दोन शेतं पलीकडचं बोलणं रस्त्यावर ऐकू येतं. मी अशा वेळी पेडल मारायचं थांबवते आणि सायकल आपोआप जाईल तितकी जाऊ देते.

पानगळ झालेल्या झाडांत घरटी दिसायला लागतात. वर्षभर ज्या झाडाखालून गेलो त्यात इतकी वस्ती होती हे तेव्हा कळतं. आणि सूर्य दिवसभर खाली असतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. नांगरलेल्या जमिनीचं एकेक सरीचं अंग वेगळं दिसतं, रस्त्यावरचा बारीक खडाही उठून दिसतो. उन्हाळ्यातल्या डोक्यावरच्या उन्हात हेच रान सपाट दिसतं. यासाठी हळूच जायला हवं.

तेलकट_हात

आडवाट यांच्या प्रतिसादाशी सहमत. सायकलीकडचं मी सांगतो, कारण थंडीत लोक स्वतःला गुंडाळतात आणि सायकलकडे बघत नाहीत.

टायरमधली हवा आधी तपासा. थंडीत हवा आकसते. घरात २० अंशाला ६० पीएसआय भरून शून्य अंशाच्या रस्त्यावर निघालात तर थेंबभरही हवा न निसटता काटा ५५ च्या आसपास येतो. ओल्या रस्त्यावर ही थोडी नरमाई चांगलीच, पकड वाढते. पण आधीच कमी हवा असेल आणि त्यात ही घट झाली तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला जोडछेद, म्हणजे शेजारी-शेजारी दोन भोकं, पडतो.

मडगार्ड बसवा. दिसायला कसे का असेनात. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी पाठीवर आलं की तुमचे सगळे थर वाया.

चेनला उन्हाळ्यात जे कोरड्या प्रकारचं वंगण लावतो ते ओल्या रस्त्यावर लगेच धुऊन जातं. थंडीत ओल्या हवामानासाठीचं घट्टसर वंगण घ्या, पण कडी-कडीला एकेक थेंबच, आणि वरचं फडक्याने पुसून टाका. वर राहिलेलं तेल फक्त माती धरतं. घरी आल्यावर चेन पुसायचीच. बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यावरून आला असाल तर साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, पुन्हा तेल. मीठ राहिलं तर एका रात्रीत गंज धरतो.

कडाक्याच्या थंडीत कधीकधी पेडल दोन्हीकडे रिकामं फिरतं आणि चाक ओढलंच जात नाही. घाबरू नका. फ्रीव्हीलमधलं (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीतलं) ग्रीस घट्ट होऊन आतले कुत्रे, म्हणजे चाकाला पकडणारे छोटे खटके, चिकटलेले असतात. पातळ ग्रीस भरून घेतलं की काम होतं.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या किंवा दव पडलेल्या रस्त्यावर पहिला थोडा वेळ ते फक्त पाणी पुसतात, चाक थांबवत नाहीत. उतारावर आधीच हलके दाबून रिम कोरडी करून घ्यायची. डिस्क ब्रेकला हा त्रास फार कमी.

जिथे पारा शून्याखाली जातो तिथे पुलावर सावध. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, त्यामुळे बाकी रस्ता कोरडा असताना पुलावर बर्फाचा पातळ थर धरलेला असू शकतो. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. त्यावर आलात तर ब्रेक नाही, वळण नाही, पेडलला जोर नाही. हँडल सरळ धरून जाऊ द्यायचं. नेहमीच बर्फ असेल तर कार्बाइडचे खिळे बसवलेले टायर मिळतात, त्यांची पकड खरोखर मिळते.

दिव्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते. लिथियमचा तो स्वभावच. दुसरा छोटा दिवा आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. आणि गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, आधी घरातल्या तापमानाला येऊ द्या. शून्याखाली चार्ज केली तर ती कायमची खराब होऊ शकते.

घरचा_घाट

वेगळं मत मांडतो. धुकं, ओला रस्ता, बधिर बोटं, त्यापेक्षा घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, सायकल लावा. तासाभरात नेमका व्यायाम होतो, धोका शून्य. थंडी सरली की पाय तयार असतात. मी तेच करतो आणि दर मोसमात आधीपेक्षा जोरात निघतो.

आडवाट

घरचा_घाट, पाय तयार करायचे असतील तर तुमचं बरोबर आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला पाय तयार करायचे नाहीत, त्याला भटकायचंय. ट्रेनरवर ओढा लागत नाही.

थंडी म्हणजे धोका हे समीकरणही मला पटत नाही. फिनलंडमधलं औलू हे शहर उत्तर ध्रुववृत्तापासून फार लांब नाही. तिथे बर्फावरून मुलं सायकलने शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथेच भरली होती. तिथली थंडी सौम्य असते असं कुणी म्हणणार नाही. रस्ते साफ ठेवले जातात आणि माणसं हळू चालवतात, एवढ्यावर चालतं.

नवा_पेडल

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. हवा जड असते हे वाचून फार बरं वाटलं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, चढावर जोर लावला की घशात आणि छातीत जळजळ होते आणि घरी आल्यावर तासभर खोकला येतो. हे साधं आहे का? दुसरं, मी बहुतेक एकटाच असणार. धुक्यात, आडरस्त्यावर एकट्याने काय सांभाळायचं?

संथश्वास

पहिल्याचं उत्तर मी देतो, मला दम्याचा त्रास आहे आणि तरी हिवाळाभर चालवतो.

थंड हवेत बाष्प फारच कमी असतं. शांत श्वास नाकाने घेतो तेव्हा ती हवा आत जाईपर्यंत ऊबदार आणि दमट होते. जोर लावला की तोंडाने भराभर श्वास सुरू होतो आणि कोरडी हवा थेट आत जाते. श्वासनलिकेचं अस्तर सुकतं, जळजळ आणि खोकला त्यातून येतो. काही जणांच्या नलिका आकसतातही, दमा नसलेल्यांच्यासुद्धा. उपाय असा की पहिली वीस मिनिटं नाकाने श्वास घेता येईल इतक्याच जोराने चालवायचं, आणि नाकातोंडावर पातळ मफलर किंवा गळपट्टी ओढायची. आपल्याच श्वासातला ओलावा त्यात राहतो आणि पुढच्या श्वासाला मिळतो. चढावर सरळ हलका गिअर टाकायचा.

खोकल्यासोबत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा दर वेळी हेच होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर चांगली औषधं आहेत. आणि जळजळ वेगळी, छातीत दाब किंवा दुखणं वेगळं. दाब वाटला तर तिथेच थांबायचं आणि लगेच मदत मागायची, घरी जाऊन बघू असं नाही.

पाणी विसरू नका. थंडीत तहान कमी लागते, पण शरीर पाणी टाकतच असतं. थंडीत लघवीलाही जास्त लागते आणि प्रत्येक श्वासातून वाफ जाते ती डोळ्यांनी दिसते. मी थर्मासच्या बाटलीत कोमट पाणी नेतो. गार पाणी हातून प्यायलंच जात नाही.

आडवाट

एकटीने फिरणं मला तर जास्त आवडतं, फक्त थोडं ठरवून. वाट लांबलचक सरळ न ठेवता घराभोवती वळसे घेणारी ठेवा, म्हणजे कुठूनही अर्ध्या तासात परतता येईल. कुठल्या रस्त्याने जाणार ते घरी सांगून ठेवा. फोन आतल्या खिशात, कारण त्याचीही बॅटरी गारठते.

धुक्यात दिवे दिवसाही चालू ठेवायचे, मागचा आधी. शंभर-दीडशे मीटर पुढचं दिसत नसेल तर मी मोठ्या रस्त्यावर जातच नाही. शेतातल्या रस्त्याला थांबते नाहीतर धुकं उठेपर्यंत पायी चालते.

धुक्यापेक्षा मला खाली आलेल्या सूर्याची जास्त काळजी वाटते आणि याबद्दल कुणी बोलत नाही. सूर्य तुमच्या समोर असेल तर तुमच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही तो डोळ्यांतच असतो. तुम्हाला फक्त डोळे बारीक करावे लागतात, त्याला तुम्ही दिसतच नाही. म्हणून सकाळी पूर्वेकडे आणि दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड करून रहदारीच्या रस्त्यावरून जायचं टाळा. तेवढा तुकडा आडरस्त्याने काढा. सावली तुमच्या पुढे लांब पडली असेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपलेत असं समजा.

थांबायचं तर उन्हात आणि आडोशाला, तेही मोजकं. थांबताक्षणी जॅकेट बंद, अंग गार वाटायच्या आधी. पंक्चर झालं तर जागेवर पॅच लावत बसू नका. गारठ्यात सोल्यूशन वाळायला वेळ लागतो आणि मोजे काढलेली बोटं चालत नाहीत. नवी ट्यूब घाला आणि निघा, जुनी घरी दुरुस्त करा. घरी एकदा हातमोजे घालूनच टायर उतरवून बघा, कुठले मोजे कामाचे ते तिथेच कळेल.

नवा_पेडल

पटलं. उद्या वारा ईशान्येचा सांगतायत, म्हणजे आधी टेकडीकडचा रस्ता आणि येताना नदीकाठाने. साडेआठला निघतो. पूर्वेकडचा पहिला तुकडा हमरस्त्याचा आहे, तो सोडून मागच्या पाणंदीने जातो. मडगार्ड आणलेत.

तेलकट_हात, माझे टायर २८ मिमीचे आहेत. थंडीसाठी ३२ चे घालावेत असं वाटतंय. फ्रेममध्ये बसतील का ते कसं ओळखायचं?

तेलकट_हात

चाक जागेवर असताना टायर आणि फ्रेम यांच्यातली फट मोजा. सगळ्यात अरुंद जागा बघायची: मागे खालच्या दोन नळ्यांमध्ये, आणि वर ब्रेकच्या खाली. २८ वरून ३२ ला गेलात की टायर दोन्ही बाजूंना २-२ मिमी आणि उंचीला साधारण ४ मिमी वाढतो. बदलल्यावरही सगळीकडून निदान ४ मिमी फट उरली पाहिजे, चिखल लागला की तेवढी लागतेच. म्हणजे आत्ता बाजूला ६ आणि वर ८ मिमी असेल तर चालेल. पण मडगार्ड बसवणार असाल तर वर आणखी जागा लागेल. आधी मडगार्ड लावून मोजा, मग टायर आणा.